दप्तरांचें स्थलांतर

गोदावरीच्या कांठीं राहणाऱ्या माणसाला दप्तर हलविण्याची विद्या निराळी शिकावी लागत नाहीं. निफाड तालुक्यांतील आमचें सायखेडा गांव नदीच्या अगदीं कुशींत वसलेलें आहे. पलीकडे चांदोरी, आणि खालच्या अंगाला नांदूर-मधमेश्वरचा बंधारा. नाशिकाकडे पावसानें जोर धरला आणि गंगापूरच्या धरणांतून पाणी सोडल्याची वार्ता आली कीं, गांवांत प्रथम धान्य वर चढतें, मग गुरें हलतात, आणि कोणाला आठवण झालीच तर शेवटीं कागद हलतात. २०१६ च्या ऑगस्टांत असें पाणी आलें. २०१९ च्या ऑगस्टांत पुन्हां आलें. मी त्याच २०१६ सालीं मे अखेर मास्तरकींतून मोकळा झालों होतों, तरी पाणी ओसरल्यावर शाळेच्या वह्या उन्हांत पसरावयाला गेलों. चिकटलेलीं पानें सोडवितांना ज्या माणसाचा हात एकदां कांपला आहे, त्याला पुढें मी काय म्हणतों तें लवकर उमजेल.

आज ज्या स्थलांतराविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत कागद भिजत नाहींत, होडी लागत नाहीं, आणि काम चालू असतां आवाजहि होत नाहीं. एका यंत्रांतील दप्तर दुसऱ्या यंत्रांत न्यावयाचें, एवढेंच तें काम. पण पहिलें यंत्र एका कारकुनाच्या शिस्तीनें चालतें आणि दुसरें दुसऱ्याच्या. आणि दोन कारकुनांची शिस्त जुळत नसली म्हणजे काय होतें, हें आपल्या महाराष्ट्रानें संगणक जन्मण्यापूर्वीं चांगलें अनुभविलेलें आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. यंत्रविद्येचा माझा अधिकार फार नाहीं. परंतु या कामांत माझ्या स्वतःच्या हातून एक घोटाळा झाला, आणि तो निस्तरतांना जें शिकलों तें सांगावयाचा मला अधिकार आहे असें वाटतें. घोटाळ्याची हकीकत शेवटीं सांगेन.

प्रथम ही शिस्त म्हणजे काय तें पाहूं. ज्या चकतीवर संगणक आपली माहिती सांठवितो तिला स्वतःला फाइल म्हणून कांहीं ठाऊक नसतें. तिच्यावर फक्त क्रमांक घातलेले असंख्य चौकोन असतात. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें जें यंत्र आणलें, त्यांत पन्नास थोरल्या चकत्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरें मावत. पण तेथेंहि प्रश्न हाच होता कीं, अमुक मजकूर कोणत्या चौकोनांत आहे हें कोणी लक्षांत ठेवावयाचें? तें लक्षांत ठेवणारी यादी म्हणजे फाइल सिस्टिम. तिला मी दप्तरपद्धति म्हणतों. कोणत्या नांवाचा मजकूर कोठून कोठपर्यंत आहे, तो कोणाच्या मालकीचा, कोणीं उघडावा, कोणीं उघडूं नये, शेवटचा हात त्याला केव्हां लागला, हें सर्व त्या यादींत असतें. यादी वाचतां आली नाहीं, तर चकतीवर मजकूर जसाच्या तसा असूनहि नसल्यासारखा होतो.

आणि या याद्या लिहिण्याच्या रीति एक नव्हेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या जुन्या डॉस यंत्रणेची एक रीति होती. तींत फायलीचें नांव आठ अक्षरांत बसवावें लागे व पुढें तीन अक्षरांची शेपटी. अॅपलच्या मॅकिंटॉशची १९८५ पासून दुसरी रीति. १९९३ साल तर या बाबतींत मोठें गमतीचें. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जी लिनक्स यंत्रणा सुरू केली, तिची ‘एक्स्ट टू’ नांवाची रीति १९९३ च्या आरंभीं आली. आणि त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज एन. टी. बरोबर ‘एन. टी. एफ. एस.’ आणली. एकाच वर्षीं जन्मलेलीं हीं दोन घराणीं आज सगळ्या जगाचीं दप्तरें वाहत आहेत, आणि एकमेकांची लिपि वाचण्यास त्यांनीं किती वर्षें घेतलीं म्हणाल? एन. टी. एफ. एस. ची आंतली रचना जाहीर नव्हती. बाहेरच्या मंडळींनीं चौकोन न् चौकोन तपासून, तर्कानें ती उकलली; लिनक्सवरून तींत भरवंशानें लिहितां येऊं लागलें तें २००७ च्या सुमारास, आणि लिनक्सच्या गाभ्यांत त्याची पुरी सोय आली ती २०२१ सालीं. उलट दिशेनें पाहिलें तर विंडोजला लिनक्सची चकती जोडली असतां ती आजहि आपण होऊन वाचीत नाहीं. उलट ‘ही कोरी करूं काय?’ म्हणून विचारते. अजाण माणूस ‘हो’ म्हणतो आणि दप्तर जातें.

हें ऐकून आपणांस पेशवे दप्तराची आठवण झाली नसेल तरच नवल. १८१८ सालीं राज्य गेलें, दप्तर इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पुण्यांत हजारो रुमाल एका इमारतींत व्यवस्थित उभे होते. कागद होते, शाई शाबूत होती, पण तें सारें मोडींत. मोडी ही हात न उचलतां लिहावयाची लिपि. आधीं पानभर रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरें टांगीत जावयाचें. दोन शब्दांत जागा नाहीं. ऱ्हस्व आणि दीर्घ यांना बहुधा एकच खूण. ज्या कारकुनानें लिहिलें त्याला यांतलें कांहीं अडत नसे, कारण अर्थ त्याच्या डोक्यांत असे. पण तोच कागद बालबोधींत उतरावयाचा म्हटला म्हणजे नकलनविसाला जागोजाग ठरवावें लागतें: येथें शब्द तोडूं कीं पुढें? येथें ‘दिन’ कीं ‘दीन’? बालबोधीला जें सांगितल्याशिवाय पाऊल टाकतां येत नाहीं, तें मोडीनें सांगितलेलेंच नसतें. मग वाचणारा तें आपल्या शहाणपणानें भरतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर काढले, तेव्हां या एकेका ‘ठरविण्या’मागें किती डोळे शिणले असतील! आणि त्यांच्याहि आधीं राजवाड्यांनीं गांवोगांव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद जमविले व १८९८ पासून छापावयास आरंभ केला, तेव्हां तर त्यांना निवडीचीहि सवड नव्हती. आधीं वाळवीच्या तोंडून काढणें हेंच काम.

यंत्रांचें स्थलांतर अगदीं याच जागीं अडखळतें. जुन्या डॉसच्या रीतींत फायलीला मालक नसतो. लिनक्सच्या रीतींत मालकावांचून फाइल असूंच शकत नाहीं. तेव्हां पहिलीकडून दुसरीकडे नेतांना यंत्र एक मालक मनानेंच नेमून टाकतें, बहुधा जो नेणारा असेल तोच. उलट नेतांना मालकी, परवानगी, सारें गळून पडतें, आणि मुख्याध्यापकांनीं कुलुपांत ठेवलेला कागद शिपायालाहि उघडतां येतो. मजकूर एका अक्षरानें बदललेला नसतो, हें लक्षांत घ्या. बदलतो तो मजकुराभोंवतींचा व्यवहार.

तारखांचें तर विचारूं नका. पेशवाईचा कागद हातीं घ्या; ‘समान सबैन मया व अलफ’ असें त्यावर असतें. समान म्हणजे आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. मिळून सुहूर सन ११७८. त्यांत ५९९ मिळविले कीं १७७७ हें इसवी साल येतें. पण हा सन मृगापासून बदलतो, म्हणून जानेवारीनंतरचा कागद असला तर ६०० मिळवावे लागतात. शकाला ७८, फसलीला ५९०. याशिवाय चंद्राची तारीख निराळी. जंत्री जवळ नसली तर इतिहासकार आंधळा. मला वाटत होतें, हा घोळ आपल्याच नशिबीं. परंतु संगणकांचेहि शक निरनिराळे आहेत! युनिक्स व लिनक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. एन. टी. एफ. एस. चा शक १६०१ पासून सुरू होतो. जुन्या मॅकिंटॉशचा १९०४ पासून, आणि डॉसचा १९८० पासून. त्यांतहि डॉसची रीति स्थानिक घड्याळाची वेळ लिहिते आणि दुसऱ्या दोघी ग्रीनिचची. त्यामुळें भारतांतील दप्तर हलवितांना कागदाची वेळ साडेपांच तासांनीं मागें-पुढें झालेली पुष्कळांनीं पाहिली असेल. रात्रीं दहा वाजतां पुरी केलेली गुणपत्रिका दुसऱ्या दिवशींच्या पहांटेची दिसूं लागते. परीक्षेच्या कामांत एवढेंहि पुरतें, हें मास्तरांना सांगावयास नको.

आतां नांवांकडे येतों, कारण माझा घोटाळा तेथलाच. इंग्रजी नांवांत लहान-मोठ्या लिपीची एक अडचण आहे. लिनक्स ‘मार्क्स’ शब्द मोठ्या अक्षरानें आरंभला तर एक नांव समजतें व लहान अक्षरानें आरंभला तर दुसरें. विंडोज दोन्हींना एकच समजतें. मग लिनक्सवरच्या दोन फायली विंडोजच्या एका घरांत आल्या कीं एकीवर दुसरी बसते. देवनागरींत लहान-मोठें नाहीं, म्हणून मला वाटलें आपण सुटलों. सुटलों नाहींच. मराठीच्या वाट्याला दोन खोड्या आल्या आहेत, आणि त्या इंग्रजी पुस्तकांत सहसा लिहिलेल्या नसतात.

पहिली खोडी ‘ऱ’ ची. ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ ही फाइल नसलेली मराठी शाळा दाखवा. त्यांतला हा अर्धचंद्री रफार युनिकोडमध्यें दोन तऱ्हांनीं लिहितां येतो: एक त्याचें स्वतःचें चिन्ह, आणि दुसरें ‘र’ खालीं नुक्ता. डोळ्याला फरक दिसत नाहीं. मॅकिंटॉशची १९९८ ची रीति नांव सांठवितांना पहिल्याचें दुसरें करून ठेवी. तेंच नांव लिनक्सवर गेलें कीं तें निराळें नांव ठरतें. यादींत ‘दुसऱ्या’ डोळ्यांसमोर दिसते आणि हांक मारली तर ओ देत नाहीं.

दुसरी खोडी लांबीची. १९९२ सालीं केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनीं जगांतील सर्व लिप्या एकाच माळेंत ओवण्याची एक रीति काढली. लिनक्स आज तीच वापरतें. त्या रीतींत इंग्रजी अक्षराला एक घर लागतें आणि आपल्या प्रत्येक खुणेला तीन. ‘की’ म्हटलें कीं ‘क’ चीं तीन व दीर्घ वेलांटीचीं तीन, मिळून सहा. लिनक्सच्या रीतींत नांवाला घरें दोनशें पंचावन्न. म्हणजे इंग्रजाला दोनशें पंचावन्न अक्षरें आणि आपणांस पंचाऐंशी खुणा. विंडोजची रीति मात्र घरें न मोजतां खुणा मोजते, त्यामुळें तेथें मराठीलाहि दोनशें पंचावन्न खुणा मिळतात. दोघींची मर्यादा कागदावर एकच आंकडा. फळ मात्र असें. मला यांत कोणाचा पक्षपात दिसत नाहीं. ज्यानें माप ठरविलें त्याच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःची भाषा होती, इतकेंच.

अक्षरांच्या सांठवणुकीचा याहूनहि जुना गुंता आहे, पण तो लवकर सांगून टाकतों. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक संस्था स्थापन झाली, तिनें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें थोर काम केलें; १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं इस्की नांवाचें सरकारी प्रमाण पक्कें झालें, आणि त्याच वर्षीं युनिकोडचा पहिला खंड निघाला. परंतु छापखाने व कचेऱ्या अनेक वर्षें ठशांच्या खाजगी युक्तीवर चालल्या: आंत इंग्रजी अक्षर, वर मराठी ठसा. ठसा बरोबर नेला नाहीं तर दुसऱ्या यंत्रावर मराठी मजकुराची इंग्रजी अक्षरांची भेळ होई. ही मोडीचीच दुसरी आवृत्ति. आणि स्वतः मोडीला युनिकोडमध्यें जागा मिळाली ती २०१४ सालीं.

मग स्थलांतर बरोबर झालें हें ओळखावें कसें? जुन्या दप्तरांत यासाठीं एक सुरेख शब्द आहे: रुजुवात. नक्कल मुळाशीं ताडून पाहिली कीं ‘रुजू’ असा शेरा पडे. यंत्रांत हेंच काम बेरजेनें होतें. फायलींतील सर्व घरांचे आंकडे एका ठराविक गणितांतून काढून एक लहानशी खूण तयार करतात. मूळ आणि नक्कल यांच्या खुणा जुळल्या तर मजकूर जुळला. ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल या गृहस्थानें १९९२ सालीं सांबा नांवाची आज्ञावलि प्रसिद्ध केली, जिच्यामुळें विंडोज व युनिक्स हीं यंत्रें एकमेकांच्या फायली तारेवरून मागूं लागलीं. चकती उपटून दुसऱ्याच्या दारीं नेण्यापेक्षां कारकुनानें कारकुनाशीं बोलावें, ही ती कल्पना. दोघांनींहि आपली शिस्त आपल्या घरीं ठेवावी. त्याच गृहस्थानें १९९६ सालीं पॉल मॅकेरास यांच्यासह ‘आरसिंक’ काढलें, तें अशा बेरजा ताडून फक्त बदललेला भाग नेतें. ‘ध’ चा ‘मा’ झाला ही कथा खरी कीं खोटी याचा वाद इतिहासकारांनीं करावा. पण त्या कागदाची बेरीज कोणी पुढें पाठविली असती तर वाद उरला नसता.

बेरीज मजकूर ताडते, हेतु ताडीत नाहीं. आपल्या सातबाऱ्याचें उदाहरण घ्या. जमिनीचे लेख संगणकावर आणण्याचा केंद्र सरकारचा पहिला प्रयोग १९८८-८९ सालीं देशांतील आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. पुढें तलाठ्यांच्या हस्तलिखित सातबाऱ्यावरून माहिती यंत्रांत चढली, आणि मग ती ऑनलाइन फेरफाराच्या नव्या व्यवस्थेंत न्यावयाची वेळ आली. हस्तलिखित आणि संगणकी उतारा यांत मेळ नाहीं अशा तक्रारी जागोजाग उठल्या. तेव्हां शासनानें २०१७ सालीं कोणता उपाय केला? गांवोगांव चावडीवाचन! संगणकांतला सातबारा चावडीवर मोठ्यानें वाचावयाचा आणि खातेदारानें आपलें नांव, गट नंबर, क्षेत्र कानांनीं ताडावयाचें. मला हा उपाय फार आवडला. क्षेत्रांतला एक गुंठा चुकला तर गणित गप्प बसेल, पण ज्याचा गुंठा आहे तो गप्प बसणार नाहीं. ती रुजुवात झाल्यावरच डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून लोकांच्या हातीं येऊं लागला.

आतां माझी हकीकत. आमच्या पंचक्रोशींतील एका शाळेंत प्रवेशाची फार जुनी मोडी वही होती. निवृत्तीपूर्वीं दोन दिवाळीच्या सुट्यांत मीं तिच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र काढलें, आणि एका वृद्ध स्नेह्यांच्या मदतीनें पानें बालबोधींत उतरविलीं. हा सगळा संच शाळेच्या विंडोज यंत्रावर एका घरांत ठेवला. मास्तरकीची खोड अशी कीं, अर्धें वाक्य लिहिलें तर चैन पडत नाहीं. त्या घराला मीं नांव दिलें: ‘शाळेच्या जुन्या मोडी प्रवेश नोंदवहीच्या पानांचीं छायाचित्रें आणि त्यांची बालबोध लिपींतील तपासून घेतलेली नक्कल’. व्याकरणदृष्ट्या त्यांत मला अजूनहि दोष दिसत नाहीं. २०१६ च्या पुरांत मूळ वही भिजली. पुष्कळ पानें एकमेकांस चिकटलीं. तेव्हां संच यंत्रांत आहे म्हणून मी निश्चिंत राहिलों.

२०२२ सालीं शाळेनें नवा लिनक्सचा सर्व्हर घेतला. आमचाच एक जुना विद्यार्थी नाशिकाहून आला आणि रात्रभर बसून दप्तर हलवून गेला. चाळीस हजारांवर फायली गेल्या. पडद्यावर ओळीमागून ओळी धांवत होत्या. त्यांत एक ओळ ‘नांव फार लांब’ अशी होती, ती ना त्यानें पाहिली ना मीं. माझ्या त्या वाक्याला तीनशें एक घरें लागत होतीं. घराचें नांवच बसेना, म्हणून घर उभें राहिलें नाहीं, आणि घर नाहीं म्हणून आंतलें एकहि पान गेलें नाहीं. फायली मोजून ताडाव्या ही अक्कल, जिनें जन्मभर मुलांना हातचा तपासावयास लाविलें, ती त्या रात्रीं माझ्यापाशीं नव्हती.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि कोणी विचारीत नव्हतें त्या मोडी जाणणाऱ्यांना एकाएकीं बोलावणीं येऊं लागलीं. तेव्हां शेजारच्या गांवचा एक तरुण माझ्याकडे आला. “गुरुजी, आमच्या पणजोबांचें नांव त्या वहींत आहे असें आजी सांगते. तुम्हीच ती उतरवून घेतली होती ना?” मीं मोठ्या तोऱ्यानें त्याला शाळेंत नेलें. नव्या सर्व्हरवर सगळें होतें. सहलींचे फोटो होते, जुन्या स्नेहसंमेलनांचीं गाणीं होतीं, तें घर तेवढें नव्हतें. त्या पोरासमोर माझी काय अवस्था झाली तें सांगवत नाहीं.

जुनें यंत्र भंगारांत काढावयाचें ठरलें होतें. भंगारवाला दोनदां येऊन भाव पटला नाहीं म्हणून परत गेला होता. एवढ्यावरच तें वांचलें. नाशिकच्या विद्यार्थ्याला फोन केला. तो रविवारीं आला, यंत्र सुरू केलें, घर सांपडलें. तो हंसला नाहीं, हें त्याचें मोठेपण. म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच नांव बदला.” मीं ‘मोडी वही’ असें लिहिलें. या वेळीं मात्र आम्हीं आधीं मूळची संख्या कागदावर लिहिली, मग नक्कल केली, मग दोन्हीकडच्या बेरजा ताडल्या. आणि त्याहि उपर मी एका यंत्रासमोर व तो तरुण दुसऱ्यासमोर बसून एकेक पान मोठ्यानें वाचलें. संध्याकाळचे दिवे लागले तरी कोणी उठलें नाहीं.

पणजोबा सांपडले. नांवांतला उकार ऱ्हस्व कीं दीर्घ हें मोडीनें सांगितलें नव्हतें; मीं पूर्वीं दीर्घ केला होता, आजीनें ऱ्हस्व सांगितला, तो मीं दुरुस्त केला. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यांत ‘घरचें काम’ एवढे दोन शब्द होते. त्या छायाचित्राचें पुढें कचेरींत काय झालें तो प्रांत माझा नव्हे; छापलेली प्रत घेऊन तो तरुण दुसऱ्या दिवशीं निफाडला गेला. जुनी चकती मीं शाळेच्या परवानगीनें घरीं आणली आहे. माळ्यावर, धान्याच्या कोठीच्याहि वर ठेवली आहे.